कुवेतची मॅच

दादा,

तुला जाऊन दोन महिने झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, "शालूताई, रडून घ्या, हलकं वाटेल." रडून झालंय माझं. भांडून व्हायचंय. उभ्या जन्मात आपण बहीणभावाने एक गोष्ट भांडल्याशिवाय केली नाही. भाजीत मीठ जास्त पडलं यावरून भांडलो, जयंतीच्या मिरवणुकीत कुठल्या कोपऱ्यावर उभं राहायचं यावरून भांडलो. आणि शेवटचे पंधरा दिवस तू माझ्याशी एकदाही भांडला नाहीस. वर्गात चाळीस पोरांपैकी कोण काय लपवतंय ते मला दारातूनच कळतं. तुझं गप्प बसणं मात्र कळलं नाही.

जलदानाच्या विधीच्या दिवशी मनमाडला तुझ्या घरी सगळे जमले होते. वर्कशॉपातले तुझे सोबती बोलले. माणूस सरळ होता, हाताखालच्याला कधी तोडून बोलला नाही, असं सगळं बोलले, आणि खरंच बोलले. पण तू फुटबॉलवेडा होतास हे एकानेही सांगितलं नाही. अशा वेळी खेळाचं काय बोलायचं, असं वाटलं असेल त्यांना. मला तर तू आठवतोस तो रेल्वे क्वार्टरमागच्या खडकाळ मैदानावर अनवाणी धावणारा, दोन्ही गुडघे सोललेला, आणि घरी येऊन आईला "पडलो" एवढंच सांगणारा.

मी मॅट्रिक झाले तेव्हा आप्पांनी जाहीर केलं, पोरीचं शिक्षण पुरे. डी.एड.चा फॉर्म मी आणून ठेवला होता, पण तो बापासमोर काढायची माझी छाती नव्हती. शेवटच्या दिवशी तू मनमाडहून पॅसेंजरने आलास, चपला न काढता आत शिरलास आणि विचारलंस, "फॉर्म कुठाय?" मी म्हटलं, "दादा, माझा नंबर लागायचा नाही. कशाला उगीच?" तेव्हा तू जो भडकलास! "नंबर लावणं न लावणं त्यांचं काम. फॉर्म भरणं आपलं काम. दे इकडे." पालकाच्या सहीच्या रकान्यात तू स्वतःची सही ठोकलीस. आप्पा बघत राहिले आणि मग महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. आज मी मास्तरीण आहे, नाशिकला इंदिरानगरात दोन खोल्यांचं का होईना पण घर आहे, ते त्या एका सहीवर. मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात कोण म्हणतं?

वर्ल्ड कप म्हणून काही असतं हे मला अठ्ठ्याहत्तर साली कळलं, तेही तुझ्या वैतागातून. तू पेपर माझ्यापुढे आपटलास. सोळा देशांची नावं होती. "वाच. इराण आहे. आपण कुठाय?" मी म्हटलं, हरलो असू. "हरलो असतो तर रडलो असतो! आपण फॉर्मच भरला नाही, शालू. एवढ्या देशांनी भरला, आपण भरलाच नाही." ब्याऐंशीलाही तेच. त्या वर्षी कुवेत गेला. "नाशिक जिल्ह्याएवढा देश आहे गं तो. आपल्या जिल्ह्याएवढा!" हे तू महिनाभर भेटेल त्याला ऐकवत होतास, अगदी एसटीच्या कंडक्टरलासुद्धा. कुवेत हे नाव माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते तेव्हापासून.

मी तुला चिडवायला म्हणायचे, "हरायला एवढ्या लांब कशाला जायचं? घरबसल्या हरावं." मग तू सुरू व्हायचास. उतरून हरलेला माणूस निदान सांगू तरी शकतो की मी हरलो, घरी बसलेल्याला तेही नाही. चहा गार व्हायचा, वहिनी आतून हाक मारायची, तू थांबायचा नाहीस. हा वाद आपला कधी मिटला नाही. मला पटत नव्हतं असं नाही रे. तू तावातावाने बोलायला लागलास की मला बरं वाटायचं, म्हणून मी मुद्दाम ताणायचे.

आणि मग या वर्षी, शहाऐंशीच्या मेक्सिकोच्या वर्ल्ड कपसाठी, आपण फॉर्म भरला. जानेवारीत तू माझ्याकडे आलास तो जिना चढतानाच ओरडत, "शालू, भरला! मेक्सिकोचा फॉर्म भरला आपण!" शेजारच्या काकूंना वाटलं, तुझी बदली झाली. दारामागचं जुनं कॅलेंडर काढून तू पालथं अंथरलंस, माझ्या टेबलावरची पट्टी घेतलीस आणि फरशीवर बसून तक्ता आखायला लागलास. मी शेजारी तांदूळ निवडत बसले होते. "तुमच्या खो-खोचं कसं असतं?" तू विचारलंस. "आधी केंद्र, मग तालुका, मग जिल्हा. तसंच जगाचं. अख्ख्या आशियातून दोघंच जाणार मेक्सिकोला."

गट कसे पाडतात ते तू मला सांगितलंस. आपल्या गटात चौघं: आपण, इंडोनेशिया, थायलंड, बांगलादेश. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा त्यांच्या दारात जाऊन, एकदा त्यांना आपल्या दारात बोलावून. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. शेवटी गटातला पहिला तेवढा पुढे, बाकीच्या तिघांनी घरी बसायचं. पुढे गेलेल्याची पुन्हा दुसऱ्या गटातल्या पहिल्याशी गाठ, तिथेही दोन मॅच. असं गाळत गाळत जायचं. मग तू पेन नीट धरलंस आणि कागदाच्या बरोब्बर मधून उभी एक जाड निळी रेघ मारलीस. चार वेळा गिरवलीस. "ही रेघ लक्षात ठेव. आशियाचे दोन भाग केलेत. डावीकडे पश्चिमेचे, इराक, कुवेत, सगळे आखाती. उजवीकडे पूर्वेचे, त्यात आपण. डावीकडून एक जाणार, उजवीकडून एक. रेघेपलीकडचा आपल्याला शेवटपर्यंत भेटणारच नाही. भेटला तर थेट मेक्सिकोत." मी "हो हो" म्हटलं. तांदळात खडे फार निघाले होते त्या दिवशी.

तक्त्याची गुंडाळी काखेत मारून तू मनमाडला गेलास. मार्चमध्ये परत आलास तो पोट धरून, पिवळा पडलेला. दवाखान्यात ठेवल्यावर तुझी पहिली तक्रार कसली, तर तक्ता घरी भिंतीवर राहिला. "राहू दे. तू रिझल्ट सांगत जा, मी डोक्यात भरतो." बाहेरच्या मॅचेस तेव्हा होऊन गेल्या होत्या. इंडोनेशियाकडे हरलो, थायलंडला बरोबरी, बांगलादेशला जिंकलो. आता तिघांना आपल्याकडे खेळायचं होतं. "घरच्या तिन्ही मारल्या तर निघतो बघ आपण," तू उशीला टेकून म्हणालास. सगळं शहर तेव्हा क्रिकेटच्या कौतुकात होतं. त्या वॉर्डात फुटबॉलची वाट बघणारा तू एकटा होतास.

एप्रिलच्या सुरुवातीला तुझा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मला आणि वहिनीला व्हरांड्यात बोलावलं. लिव्हरला गाठ आहे, पसरली आहे, हातात फार दिवस नाहीत. आणि वर म्हणाले, "पेशंटला सांगू नका, धीर सुटतो." वहिनी माझ्याकडे वळली. "ताई, तुमीच काय ते सांगा त्यांना. मला नाय व्हायचं." माझ्या पर्समध्ये त्या दिवशीचा पेपर होता. क्रिकेटच्या खाली दोन ओळी होत्या. घरच्या मैदानावर इंडोनेशियाशी बरोबरी. जिंकायला हवं होतं, ती मॅच.

मी आत आले. तू एका दमात विचारलंस, "रिपोर्ट काय आला? आणि मॅचचं काय झालं?"

मी म्हटलं, "दोन्ही चांगलं. साधी कावीळ आहे. आणि जिंकलो."

दादा, मला एकच खोटं बोलायचं होतं. तू दोन प्रश्न एकत्र विचारलेस आणि माझ्या तोंडून दोन्हींना एकच उत्तर गेलं. तुझा चेहरा जो उजळला, तो कशाने उजळला हे मला आजही माहीत नाही. मग मला मागे फिरता येईना. पेपर वाचून तुझं डोकं दुखतं असं सांगून मी पेपर बंद केला. थायलंडशी पुन्हा बरोबरी झाली, मी सांगितलं जिंकलो. बांगलादेशला खरोखर हरवलं, ते सांगताना मात्र माझीच जीभ अडखळली. तू बोटांवर गुण मोजलेस, दोनदा मोजलेस. "म्हणजे शालू, आपण पुढे." शेजारच्या खाटेवरचे निफाडचे बाबा झोपले होते, त्यांना उठवून सांगितलंस. ते म्हणाले, "लय भारी," आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "पुढची कोणाशी?"

तोंडात आलं ते बोलले. "कुवेतशी."

"कुवेतशी?"

"हो. पेपरात आलंय."

तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मला वाटलं, तगडा संघ आहे म्हणून काळजीत पडलास. मग तू पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलंस आणि म्हणालास, "बरं. अवघड आहे, पण बघू." आणि थोड्या वेळाने, "तू नीघ आता. ऊन वाढलंय, डोक्यावर पदर घे." मी निघाले. रस्त्याने मला बरं वाटत होतं, बघ. दादाचा आजचा दिवस चांगला गेला, असं मनात म्हणत मी घरी आले. लाज वाटते रे मला त्या चालण्याची.

त्यानंतर तू रोज विचारायचास, "कुवेतची मॅच कधी?" मी काहीबाही तारीख सांगायचे, तू मान डोलवायचास. एकदा दुपारी वहिनी डबा आणायला गेली होती. तू माझं मनगट धरलंस. "शालू, छायाचं जरा बोलायचंय तुझ्याशी." तुझी लेक तेव्हा बारावीचे पेपर देऊन मनमाडला एकटी घर सांभाळत होती. मला एकदम धडकी भरली. माणूस लेकीचं बोलायला लागला म्हणजे त्याने आवरायला घेतलं, असंच वाटलं मला. मी हसून उडवून लावलं. "आधी बरा हो, घरी चल, मग छायाचं बोल नाहीतर तुझ्या कुवेतचं बोल. पळून चालली का ती?" तू मनगट सोडलंस. "हो हो," म्हणालास. "कुवेतची मॅच झाली की बोलू."

त्यानंतर पाचव्या दिवशी तू गेलास.

मनमाडला जलदानाच्या सकाळी भिक्खू यायचे होते. वहिनीने मला आतल्या खोलीतून चादर आणायला पाठवलं. पत्र्याच्या कपाटाशेजारी तुझा तक्ता टांगलेला होता. चारी कोपऱ्यांना खिळे. बाहेरच्या तीन मॅचचे आकडे तुझ्या अक्षरात, घरच्या तीन मॅचच्या चौकटी मोकळ्या. आणि मधोमध ती जाड निळी रेघ, चार वेळा गिरवलेली. डावीकडे कुवेत. उजवीकडे आपण.

मी चादर हातात धरून तशीच उभी राहिले. रेघेपलीकडचा आपल्याला भेटणारच नाही. तूच सांगितलं होतंस. तुला कुवेतचं नाव ऐकल्याबरोबर कळलं होतं. एक खोटं कळलं म्हणजे सगळंच कळलं, कावीळसुद्धा. आणि तुला काय, ही रीत नवीन होती का? आईच्या वेळी आपण दोघांनी मिळून हेच केलं होतं. तिच्या खाटेशी बसून आपण दोघं खोटं खोटं हसलो होतो. ती गेल्यावर घाटावरून परत येताना तू म्हणाला होतास, "आईला काहीतरी सांगायचं होतं गं. पुन्हा कुणाच्या बाबतीत असं करायचं नाही." मी कबूल केलं होतं. आणि तुझ्याच बाबतीत केलं.

अरे, मग बोलायचंस ना! कान धरायचा होतास माझा. "शाले, गाढवे, कुवेत पश्चिमेत आहे," एवढं म्हणाला असतास तर मी तिथेच ढसाढसा रडले असते आणि सगळं सांगून टाकलं असतं. सबंध आयुष्य चुकीच्या एका शब्दावरून माझ्याशी तासतासभर भांडलास आणि नेमका तिथे शहाणा झालास? मला वाईट वाटू नये म्हणून? मी तुला सांभाळत होते आणि तू मला. दोघांनी एकमेकांना सांभाळण्यात तुझे शेवटचे पंधरा दिवस संपवले. नंतर आमच्या शाळेतल्या ड्रिल मास्तरांना विचारलं, तर कळलं की कुवेत त्यांच्या गटातूनच बाद झाला होता. म्हणजे मी सांगितलेल्या त्या मॅचला दोन्हीकडून कुणी उरलंच नव्हतं.

पुढचं ऐक. तुला ऐकवण्यासारखं नाही, पण तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलंय.

विधी झाले, जेवणं झाली. मंडपात सिन्नरच्या मामांनी, म्हणजे वहिनीच्या भावाने, विषय काढला. सिन्नरला कारखान्यात कामाला असलेला मुलगा आहे, घरचे चांगले आहेत. "वरीस सरायच्या आत पोरीचे हात पिवळे केलेले बरे." आपण बौद्ध होऊन इतकी वर्षं झाली, पण हे वर्षाच्या आतलं काही आपल्याकडून सुटलं नाही. वहिनीने डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, शेवटाला तुमीच हुत्या जवळ. छायाचं काय बोलले का हो ते? त्यांचा शब्द आसंल तसं करू."

दादा, सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. छाया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी एवढंच म्हणायचं होतं, "दादा म्हणाला, पोरीला शिकवा." चार शब्द. तुझ्या नावावर कुणी शंका घेतली नसती. पंधरा दिवस मी सटासट खोटं बोलले होते, त्यात एकाची भर. पण तो तक्ता नुकताच बघून आले होते मी. खोट्याची किळस आली होती. आणि खरं सांगायचं तर मला माहीतही नव्हतं की तुला काय बोलायचं होतं. शिकवा म्हणणार होतास, की माझ्या डोळ्यांदेखत उजवून टाका म्हणणार होतास? आजारी बाप काय म्हणेल हे कुणी सांगावं?

मी म्हटलं, "दादा काही बोलला नाही. बोलायला लागला होता, मीच बोलू दिलं नाही."

मामा म्हणाले, "मग झालं तर." तिथेच सुपारी फुटली.

छाया मागच्या मोरीपाशी भांडी घासायला बसली. मी गेले तर वर न बघता म्हणाली, "आत्या, पप्पा खरंच काही बोलले नव्हते?" मी नाही म्हटलं. "मग राहू दे," ती म्हणाली आणि ताट विसळायला घेतलं.

तिचा निकाल लागला. फर्स्ट क्लास आहे, दादा. तू असतास तर अख्ख्या वर्कशॉपला पेढे वाटले असतेस. मी डी.एड.चा फॉर्म आणला, नाव, जन्मतारीख, गुण, सगळं माझ्या हाताने भरलं आणि मनमाडला घेऊन गेले. वहिनीने हातात धरला, उलटासुलटा केला आणि परत दिला. "ताई, शब्द दिलाय आता. त्यांनी काय सांगितलं आसतं तर मी भावाला बी नडले आसते. कुणाच्या जोरावर नडू?" मी फॉर्म घेऊन निघाले. परत येताना गाडीत मी पेन काढलं होतं. पालकाच्या सहीचा रकाना रिकामा होता. तू आप्पांसमोर केली होतीस ना सही, तशी मी करायची. मनमाडपासून नाशिकरोड येईपर्यंत पेन हातात होतं. वहिनी काय म्हणेल, मामा काय म्हणतील, सोयरिक मोडली तर पोरीला कोण विचारील, हेच डोक्यात घोळत राहिलं. तुझी बहीण म्हणवते मी. टोपण लावून पेन पर्समध्ये ठेवलं.

तुझा तक्ता मी घेऊन आलेय. घरच्या तिन्ही मॅचचे खरे आकडे त्यात भरले. इंडोनेशिया पुढे गेला, आपण दुसरे आलो. आपण बरं खेळलो रे, एवढं वाईट नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू दोन दिवस चिडला असतास, तिसऱ्या दिवशी म्हणाला असतास, "पुढच्या वेळी." मी तुझ्याकडून ते चिडणंही घेतलं.

छायाचा फॉर्म त्या तक्त्याच्या गुंडाळीत ठेवलाय. काल शेवटची तारीख होती, दादा. मी शाळेत गेले, हजेरी घेतली, पाढे म्हणून घेतले, पाच वाजता घरी आले.

आपण फॉर्मच भरला नाही.